इंटरनेटविना चालणारी कामांची यादी: एसक्यूलाइटसोबतचे आठ महिने

अभ्यासाची आणि प्रकल्पांची कामे नोंदवण्यासाठी मी एकटीने एक छोटे मोबाइल अ‍ॅप लिहिले आणि त्याचा सारा डेटा एसक्यूलाइट या डेटाबेसमध्ये ठेवला, त्याला आता आठ महिने झाले. अ‍ॅपला लॉगिन नाही, सर्व्हर नाही. त्यामुळे वापरणाऱ्याच्या नोंदी फक्त त्याच्या फोनमध्ये असतात आणि तिथून गेल्या की कुठूनही परत आणता येत नाहीत. नोंदी सुरक्षित राहतात का, याच एका निकषावर मी एसक्यूलाइटकडे पाहत आले आहे.

सुरुवात सोपी गेली. रिचर्ड हिप यांनी 2000 साली प्रसिद्ध केलेले हे डेटाबेस इंजिन कॉपीराइटमुक्त आहे आणि सगळी टेबले एकाच फाइलमध्ये मावतात. वेगाबद्दल माझी काहीच तक्रार नाही.

बॅकअपने मात्र मला खरा धडा दिला. लिहिण्याचा वेग वाढावा म्हणून मी 2010 पासून उपलब्ध असलेली वॅल (राइट-अहेड लॉगिंग) पद्धत सुरू केली होती. या पद्धतीत नवी नोंद आधी मुख्य फाइलशेजारच्या वेगळ्या फाइलमध्ये जाते आणि तिथे साधारण 1000 पाने (डेटाबेस फाइलचे ठरावीक आकाराचे तुकडे) साठली, किंवा अ‍ॅपचे डेटाबेसशी असलेले शेवटचे कनेक्शन रीतसर बंद झाले, की मुख्य फाइलमध्ये उतरवली जाते. कामांच्या यादीसारख्या हलक्या वापरात इतकी पाने भरायला बराच काळ लागतो, आणि ऑपरेटिंग सिस्टीम अ‍ॅप परस्पर बंद करते तेव्हा कनेक्शन रीतसर बंद होत नाही. माझे बॅकअपचे बटण केवळ मुख्य फाइलची नक्कल करत होते. तिसऱ्या महिन्यात फोन बदलताना तो बॅकअप उघडला, तर शेवटच्या चार दिवसांची कामे त्यात नव्हती. जुना फोन हाताशी होता म्हणून ती मिळाली. दुसऱ्या कुणाची गेली असती, तर मी त्यांना काय उत्तर दिले असते, हा विचार बरेच दिवस सुटला नाही. आता बॅकअपसाठी मी ‘व्हॅक्यूम इन्टू’ ही आज्ञा वापरते, जी सर्व नोंदींसह सुसंगत अशी नवी फाइल तयार करते. ही सोय 2019 च्या आवृत्तीपासून आहे आणि जुन्या फोनमधले एसक्यूलाइट त्याहून जुने असू शकते, म्हणून अ‍ॅपसोबत स्वतःची आवृत्ती जोडावी लागली.

फॉरेन कीची, म्हणजे एका टेबलातली नोंद दुसऱ्या टेबलातल्या ज्या नोंदीशी जोडली आहे ती खरोखर आहे ना याची, तपासणी मुळात बंद असते आणि प्रत्येक कनेक्शनला ती नव्याने सुरू करावी लागते, हेही उशिरा कळले. तोवर पुसलेल्या प्रकल्पांखालची कामे टेबलात तशीच पडून होती.

मराठीत नोंदी करणाऱ्यांना एक गोष्ट आवर्जून सांगते. मजकुराचा क्रम एसक्यूलाइटमध्ये मुळात युनिकोडने प्रत्येक अक्षराला दिलेल्या अंकांनुसार लागतो, आणि त्यात ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच पुढे आहे. त्यामुळे ‘कळ’ हा शब्द ‘कस’च्या आधी येतो, आपल्या वर्णमालेत मात्र ‘ळ’ हा ‘ह’नंतर. एसक्यूलाइट स्वतःचा क्रम ठरवणारे फंक्शन नोंदवू देते, हे मला फार मोलाचे वाटते. गेल्या महिन्यात मी ते लिहिले आणि कामांना दिलेल्या लेबलांची यादी प्रथमच वर्णमालेच्या क्रमाने लागलेली पाहिली.