टँगलवूडचा उन्हाळी संगीत महोत्सव: बसावे कुठे आणि ऐकावे काय

पश्चिम मॅसॅच्युसेट्समधील बर्कशायरच्या डोंगराळ भागात, लेनॉक्स गावाजवळ असलेले टँगलवूड हे बॉस्टन सिंफनी ऑर्केस्ट्राचे उन्हाळी मुक्कामाचे ठिकाण आहे. बॉस्टनला आलेल्या पाहुण्यांना कुठे न्यावे असे कोणी विचारले, तर मी समुद्रकिनाऱ्याच्याही आधी टँगलवूडचे नाव घेते. मात्र तिकीट काढण्यापूर्वी एक गोष्ट मनाशी ठरवलेली बरी: आपल्याला मोकळ्या हवेत दिवस घालवायचा आहे, की लक्ष देऊन संगीत ऐकायचे आहे? दोन्ही येथे उत्तम साधते, पण एकाच जागी बसून साधत नाही.

दिवस घालवायचा असेल तर हिरवळीचे, म्हणजे सभागृहाबाहेरच्या मोकळ्या गवतावर बसण्याचे तिकीट घ्यावे. रविवारचा कार्यक्रम दुपारी अडीचला सुरू होतो, पण लोक त्याच्या बरेच आधी येऊन जागा धरतात. घरचे खाणे आणायला येथे पूर्ण मुभा आहे आणि या मुभेचा लोक मनापासून उपयोग करतात. बुटक्या घडीच्या मेजांवर पांढरे कापड अंथरून, फुलदाणी आणि संध्याकाळच्या कार्यक्रमाला चक्क मेणबत्त्यांची समई मांडून, काचेच्या पेल्यांत वाइन ओतणारी मंडळी जागोजागी दिसतात. आमच्या सतरंजीवर थालीपीठ, दही आणि शेंगदाण्याची चटणी असते आणि तिची चौकशी करायला शेजारचे कोणी ना कोणी येतेच. मुलांना पळायला भरपूर जागा आहे, मोठ्या झाडांची सावली आहे आणि आवारातून खालचे स्टॉकब्रिज बोल हे तळे दिसते. वाद्यवृंद सुरू होण्याआधीचे हे दोन तास मला फार मोलाचे वाटतात.

संगीतासाठी मात्र शेडमध्ये, म्हणजे छप्पर असलेल्या मुख्य सभागृहात बसावे. ही शेड उभी राहिली ती पावसामुळे. ऑगस्ट १९३७ मध्ये तंबूत वाग्नरच्या रचनांचा कार्यक्रम चालू असताना वादळी पाऊस कोसळला आणि वादन थांबवावे लागले. त्याच संध्याकाळी पक्क्या इमारतीसाठी निधी गोळा करायला सुरुवात झाली. वास्तुविशारद एलिएल सारिनेन यांचा आराखडा हाताशी असलेल्या पैशांत बसेना. या रकमेत केवळ एक साधी शेड होईल आणि ती बांधायला वास्तुविशारदाची गरजही पडणार नाही, असे त्यांनी कळवले. मग स्टॉकब्रिजचे अभियंते जोसेफ फ्रान्झ यांनी ती बांधली आणि ऑगस्ट १९३८ मध्ये ती खुली झाली. उघडलेल्या हातपंख्याच्या आकाराच्या या वास्तूत पाच हजारांहून अधिक लोक बसतात. तिच्या बाजू उघड्या असल्यामुळे आत बसूनही वारा लागतो आणि पाखरांचे आवाज कानी येतात. १९५९ मध्ये रंगमंचावर टांगलेल्या त्रिकोणी फलकांच्या छतामुळे आवाज मागच्या रांगांपर्यंत स्वच्छ पोहोचतो.

हिरवळीवर हाच आवाज ध्वनिक्षेपकांतून येतो. पितळी वाद्ये आणि नगारे तेथेही भरदार वाटतात, पण चेलोच्या अगदी हळू जागा, किंवा एकट्या बासरीने उचललेला सूर, मोकळ्या मैदानावर आणि माणसांच्या कुजबुजीत विरून जाणे साहजिक आहे. हिरवळीवरच बसायचे असेल तर शेडच्या उघड्या कडेपासून शक्य तितक्या जवळ सतरंजी टाकावी. मागे झाडांखाली गेल्यास सावली मिळते आणि संगीत हातचे जाते.

माझ्या मते टँगलवूडमधला सर्वांत चांगला सौदा शनिवारी सकाळी साडेदहाच्या जाहीर तालमीचा आहे. बहुधा रविवारचाच कार्यक्रम तेव्हा घोटला जातो. रोजच्या कपड्यांतले वादक, ओबोने दिलेल्या एका सुरावर सगळ्यांचे जुळवून घेणे, वाद्यवृंदाच्या संचालकाने मध्येच छडी खाली करून चार ओळी मागे जायला सांगणे आणि त्याच चार ओळी दुसऱ्या वेळी निराळ्या वजनाने वाजणे, हे सगळे डोळ्यांसमोर घडते. पाश्चात्त्य संगीताची फारशी ओळख नसलेल्या आपल्या श्रोत्याला रचना कशी उभी राहते हे या तालमीत जेवढे कळते, तेवढे छापील माहितीपत्रकातून कळत नाही. दाद देण्याची रीतही येथे लक्षात येते. सवाई गंधर्व महोत्सवात आपण समेवर उत्स्फूर्तपणे 'वाहवा' म्हणतो. येथे रचनेचे सगळे भाग संपेपर्यंत हात आवरायचे असतात. सुरुवातीला ते जड जाते, पण शेवटी एकदम उसळणाऱ्या टाळ्यांत त्या संयमाची भरपाई होते.

बॉस्टन सिंफनीचे तेव्हाचे संचालक सेर्गेई कुसेवित्स्की यांनी १९४० मध्ये येथे तरुण वादकांसाठी विद्यालय सुरू केले आणि पुढे संचालक व संगीतकार म्हणून गाजलेले लेनर्ड बर्नस्टाइन त्याच्या पहिल्या तुकडीत होते. १९९० च्या ऑगस्टमध्ये बर्नस्टाइन यांनी आपला अखेरचा कार्यक्रमही याच शेडमध्ये केला. आजच्या विद्यार्थ्यांचे वादन १९९४ मध्ये बांधलेल्या सेइजी ओझावा सभागृहात ऐकायला मिळते. तिकडे मोठ्या नावांच्या मागे जाणारे फिरकत नाहीत, ही खेदाची गोष्ट आहे, कारण विशी-पंचविशीतल्या या मुलामुलींच्या वादनात जी ओढ असते ती मला फार भावते.

तयारीबद्दल थोडेसे. कार्यक्रम पावसातही होतो आणि हिरवळीच्या तिकिटाचे पैसे परत मिळत नाहीत, म्हणून रेनकोट आणि सतरंजीखाली घालायला प्लास्टिक जवळ असावे. जुलैतही संध्याकाळी गारवा येतो. घरच्या वडीलधाऱ्यांसाठी शाल आणि पाठीला टेकू देणारी खुर्ची घ्यावी. बॉस्टनहून गाडीने दोन-अडीच तास लागतात आणि कार्यक्रम सुटल्यावर लेनॉक्सचे अरुंद रस्ते तुंबतात, तेव्हा डब्यात थोडा खाऊ राखून निवांत निघावे. हंगामाच्या शेवटच्या रविवारी बीथोवनची नववी सिंफनी वाजवण्याची परंपरा आहे. त्या दिवशी निदान मोठ्यांसाठी तरी शेडमधली तिकिटे काढावीत आणि ती बरीच आधी काढावीत.