नवा सिनेमा: थिएटरात की घरी?

सिनेमा लागला की कुणीतरी विचारतंच, "आत्ताच जाऊ, की ओटीटीवर येईपर्यंत थांबू?" ट्रेलर आणि पोस्टरवरचे तारे बाजूला ठेवून बोलू.

आवाजात थिएटर सरळ जिंकतं. ५.१ ध्वनीत, म्हणजे पाच दिशांचे आवाज आणि एक खर्जाचा, संवाद मुख्यतः मधल्या स्पीकरमधून येतात, पाऊस आणि गर्दी बाजूने, मागून. हे सगळं टीव्हीच्या दोन बारक्या स्पीकरांत कोंबलं की पात्रं पुटपुटतात, आणि गाणं सुरू होताच रिमोट शोधायची धावपळ!

चित्राच्या बाबतीत मोठा टीव्ही वाईट नाही. फक्त त्यातलं 'मोशन स्मूदिंग' आधी बंद करा. सिनेमा सहसा सेकंदाला २४ फ्रेमने दाखवला जातो. ते चालू असलं की टीव्ही दोन फ्रेमच्या मधल्या फ्रेम स्वतःच बनवून घालतो आणि भव्य दृश्यही दुपारच्या मालिकेसारखं दिसतं.

खर्चाचं काय, एकट्याला तिकीट जड नाही, अख्ख्या घराला जातं.

लक्ष हा खरा मुद्दा. घरचं पॉज बटण घात करतं. संथ सिनेमा तीन हप्त्यांत बघून 'बोअर आहे' म्हणणाऱ्यांचं मत मी तरी धरत नाही. थिएटरात शेजारच्याचा मोबाईल उजळतो, तेही डोक्यात जातं म्हणा.

तेव्हा भयपट, ॲक्शन आणि संथ, शांत सिनेमे थिएटरात. संवादांवर चालणारे कौटुंबिक विनोदी सिनेमे खुशाल घरी. लहान मूल सोबत असेल तर कुठलाही सिनेमा घरीच.