डेटाबेसच्या डॉक्समधला मार्कअप सुधारायचाय: पोस्टग्रेस की डकडीबी?

दोन्ही डेटाबेस ओपन-सोर्स, दोन्हीकडे बाहेरच्यांचे बदल घेतले जातात. मार्कअप म्हणजे मजकुराची रचना सांगणाऱ्या खुणा. पोस्टग्रेसक्यूएलचे (म्हणजे पोस्टग्रेसचे) डॉक्स डॉकबुक एक्सएमएल या टॅगांच्या मार्कअपमध्ये आहेत, डकडीबीचे मार्कडाउन या साध्या खुणांच्या मार्कअपमध्ये. एकात टॅग जास्त, दुसऱ्यात कमी, हा फरक वरवरचा. चूक झाल्यावर ती कोण दाखवतं, यावर निवड ठरवा.

एक उदाहरण घेऊ. व्हारकॅर या (मजकूर साठवणाऱ्या) टाइपची लांबी लिहिताना कुणीतरी गोल कंसात त्रिकोनी कंस घालून एन लिहिलं. मार्कडाउन त्या एनला एचटीएमएलचा टॅग समजतं. गिटहब या कोड ठेवण्याच्या साइटच्या प्रिव्ह्यूत एन गायब, उरतो रिकामा गोल कंस, आणि कुठेही एरर नाही. वाचकाला वाटतं, लांबी द्यायचीच नसते. हाच मजकूर पोस्टग्रेसच्या फाइलीत टाकला तर टॅग उघडला पण बंद झाला नाही म्हणून तपासणी एरर देते. तिथली योग्य रचना अशी: बाहेर टाइप हा टॅग, आत एनभोवती रिप्लेसेबल (इथे वाचकाने आपली किंमत घालायची, हे सांगणारा टॅग). डकडीबीत तोच मजकूर बॅकटिक्समध्ये (उलट्या अवतरणचिन्हांत) ठेवला की पुरतं.

पोस्टग्रेसची तयारी एकदाच करावी लागते. डेबियन किंवा उबंटूवर डॉकबुक-एक्सएमएल, डॉकबुक-एक्सएसएल, लिबएक्सएमएल२-युटिल्स आणि एक्सएसएलटीप्रॉक ही चार पॅकेजेस घ्या. पीडीएफ हवी असेल तरच एफओपी. फक्त डॉक्स बिल्ड करायचे असल्यास कॉन्फिगर ही बिल्डची पूर्वतयारी करणारी स्क्रिप्ट चालवताना रीडलाइन, झेडलिब आणि आयसीयू वगळा, म्हणजे त्यांच्या लायब्ररी लागत नाहीत. मग डॉक/एसआरसी/एसजीएमएल या फोल्डरमध्ये जाऊन मेक चेक ही कमांड द्या; वर म्हटलेली तपासणी हीच. (सोर्स कोडच्या सर्वांत वरच्या फोल्डरमध्ये मेक चेक दिलंत तर रिग्रेशन टेस्ट, म्हणजे डेटाबेसच्याच चाचण्या, सुरू होतात.) फाइलींचं एक्स्टेंशन अजून एसजीएमएल असलं तरी आतला मजकूर एक्सएमएल आहे, त्यामुळे एक्सरेफ या लिंकच्या टॅगच्या शेवटी तिरकी रेघ हवीच. टॅब कॅरेक्टर राहिला तरी चेक अडवतो. डॉकबुकची डीटीडी (कोणते टॅग कुठे चालतात याची नियमावली) मशीनवर नसेल तर पहिलाच एरर ती लोड न झाल्याचा येतो. आपल्या मजकुरात दोष शोधत बसू नका, पॅकेज तपासा.

एरर वाचायची रीत महत्त्वाची. टॅग जुळत नसल्याचा एरर आला की सुरुवातीचा लाइन नंबर गोंधळ कुठे कळला ते सांगतो. टॅग कुठे उघडला होता ते संदेशाच्या आतल्या नंबरात असतं. बंद करायच्या राहिलेल्या एका पॅरा टॅगने खाली एररची रांग लागते. पहिला सुधारा आणि चेक पुन्हा चालवा.

तरीही चेक पास झाला म्हणजे मार्कअप बरोबर असं नाही. वर्क_मेमसारख्या सेटिंगला व्हेरनेम (सेटिंगच्या नावाचा टॅग) ऐवजी लिटरल (जसंच्या तसं लिहायच्या मजकुराचा टॅग) लावलं तर तपासणीची काहीच हरकत नसते, कारण दोन्ही टॅग तिथे वैध आहेत. फंक्शनच्या टेबलातला रोल अॅट्रिब्यूट (टॅगमध्येच लिहायची जादा माहिती) विसरला तर वैधता टिकते, मांडणी बिघडते. अशा ठिकाणी शेजारच्या नोंदी कशा लिहिल्या आहेत ते पाहणं हाच खात्रीचा मार्ग, आणि या दुरुस्त्यांची पोस्टग्रेसला खरी गरज आहे.

डकडीबीत सुरुवात सोपी: पान गिटहबवर उघडा, बदला, पुल रिक्वेस्ट (बदल स्वीकारण्याची विनंती) द्या. मार्कडाउनलिंट हे तपासणीचं साधन काही गोष्टी पकडतं, पण अर्थ बिघडवणाऱ्या चुका त्यातून निसटतात. एसक्यूएलमध्ये मजकूर जोडायला दोन उभ्या रेघा वापरतात. त्या टेबलात आल्या की गिटहब बॅकटिक्सच्या आतही त्यांना कॉलमची सीमा मानतं. साइट मात्र जेकिल या साइट बनवणाऱ्या साधनावर बनते, आणि त्यातला मार्कडाउन वाचणारा क्रॅमडाउन बॅकटिक्समधल्या रेघांना सीमा मानत नाही. म्हणून गिटहबच्या प्रिव्ह्यूवर विसंबू नका, जेकिल मशीनवर चालवून पान पाहा. दुहेरी महिरपी कंस लिक्विड ही जेकिलची टेम्प्लेट भाषा गिळून टाकते. तिथे मजकूर जसाच्या तसा ठेवणारा रॉ ब्लॉक लागतो. आणखी एक: हेडिंगचे शब्द बदलले की त्याचा अँकर (लिंक जिथे पोहोचते ती खूण) बदलतो आणि इतर पानांवरच्या लिंका मुकाट तुटतात. पोस्टग्रेसमध्ये आयडी हाताने दिलेला असतो, शीर्षक बदललं तरी तो टिकतो, आणि अस्तित्वात नसलेल्या आयडीकडे लिंक दिली तर चेकच बोंब मारतो.

काम पाठवण्यातही फरक आहे. गिटहबवरचा पोस्टग्रेस हा फक्त आरसा, पुल रिक्वेस्ट तिथे घेतली जात नाही. गिट फॉर्मॅट-पॅच या कमांडने बदलांची फाइल (पॅच) बनवून डॉक्सच्या मेलिंग लिस्टवर जोडायची. पॅच मास्टर या मुख्य ब्रँचवर करा; जुन्या आवृत्त्यांत न्यायचा की नाही ते कमिटर (बदल स्वीकारण्याचा अधिकार असलेले) ठरवतात. डकडीबीत जुन्या आवृत्त्यांची पानं वेगळ्या फोल्डरमध्ये आहेत, त्यामुळे सध्याच्या आवृत्तीचंच पान उघडलंय ना हे आधी बघा.

हाताशी एकच संध्याकाळ असेल आणि गिट नवं असेल तर डकडीबी घ्या. महिनोन्‌महिने हे काम करायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: पोस्टग्रेस. तिथला कडक चेक नवख्याला शिकवतो. पहिल्या पॅचमध्ये एकाच प्रकारची चूक, एकाच फाइलीत सुधारा. ओळींची नवी मोडतोड करू नका. पॅरा पुन्हा बसवला की दोन टॅगांचा बदल वीस ओळींचा दिसतो आणि तपासणाऱ्याला खरा बदल शोधावा लागतो.