चिठ्ठीशिवाय सर्पगंधा न देणारे दुकान

पुण्यात महात्मा फुले मंडईपासून पायी पाच-सात मिनिटांवर, एका जुन्या वाड्याच्या तळमजल्यावर काष्ठौषधींचे एक दुकान आहे. गेल्या वर्षी जुलै ते डिसेंबर या काळात मी तेथून चार वेळा खरेदी केली, आणि हा अभिप्राय त्या खरेदीचा आहे. दुकानाचे नाव मी देत नाही, कारण मालकांना प्रसिद्धी नको आहे आणि माझ्या काही तक्रारीही आहेत. शिवाय बहुतेक जुन्या पेठांमधून असे एखादे दुकान तग धरून असते, तेव्हा नावापेक्षा त्याची पारख कशी करावी हे सांगणे अधिक उपयोगाचे वाटते.

मी एका करसल्लागारांच्या कार्यालयात हिशेब तपासण्याचे काम करते. ३० सप्टेंबर ही कर-लेखापरीक्षणाची नेहमीची मुदत असल्यामुळे जुलैपासूनच आमच्याकडे फायलींचे ढीग लागतात. गेल्या जुलैत मला रोज पहाटे तीनच्या सुमारास जाग येऊ लागली. छातीत धडधड व्हायची, आणि मग कोणत्या तरी अशिलाचा न जुळलेला ताळेबंद डोक्यात फिरू लागला की उजाडेपर्यंत डोळा लागत नसे. सर्वप्रथम मी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे गेले. त्यांनी रक्तदाब, ईसीजी आणि थायरॉइडची तपासणी करून घेतली, सर्व ठीक असल्याचे सांगितले, दुपारी चारनंतरचा चहा बंद करायला लावला आणि रोज अर्धा तास चालायला सांगितले. चहा सोडणे चालण्यापेक्षा अवघड गेले. दोन्हींचा उपयोग झाला, पण पहाटेची जाग गेली नाही.

त्यापूर्वी ‘ताणमुक्ती’साठी म्हणून मागवलेल्या गोळ्यांची एक बाटली घरी पडून होती. तिच्यावर मोठ्या अक्षरांत नैसर्गिकतेची ग्वाही होती आणि बारीक अक्षरांत ‘अश्वगंधा अर्क’ एवढेच छापलेले होते. तो अर्क मुळाचा की पानांचा, हे कोठेही नव्हते. हा फरक नाममात्र नाही. आयुर्वेदात पोटातून घ्यायची वापरली जाते ती अश्वगंधाची मुळी, आणि पाने मुळीपेक्षा स्वस्त पडतात म्हणून ती अर्कात मिसळण्याचे प्रकार वाढल्यावर आयुष मंत्रालयाने २०२१ मध्ये पानांचा वापर टाळण्याची सूचना उत्पादकांना दिली होती. झाकण लावून ती बाटली मी बाजूला ठेवली आणि मंडईची वाट धरली.

दुकानात शिरताच वेखंडाचा उग्र वास नाकात जातो, आणि थोडा वेळ थांबले की त्यामागून सुंठ, हिरडा आणि जुन्या लाकडाचा वास येऊ लागतो. भिंतभर लाकडी खण आहेत. मालक सत्तरीचे असावेत, गल्ल्यावर त्यांचा मुलगा बसतो. मी अश्वगंधा चूर्ण मागितले तेव्हा त्यांनी चूर्णाच्या डब्याला हातच लावला नाही. एका खणातून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या चार-पाच मुळ्या काढल्या आणि त्यांतली एक माझ्यासमोर मोडली. ती कोरड्या आवाजात टक्‌कन तुटली. वरून फिकट मातकट रंग होता आणि आत खडूसारखा पांढरा पिठूळ गाभा. मग दुसऱ्या खणातली एक मुळी त्यांनी मोडून दाखवली. ती तुटेना, वाकली, आणि शेवटी तुटली तेव्हा तिचे दोरे लोंबत राहिले. ‘‘ही जून आहे, ताई. दळल्यावर दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून आधी मुळी बघायची,’’ असे त्यांनी सांगितले. त्यांचा माल मध्य प्रदेशातील नीमचच्या बाजारातून येतो. नीमच-मंदसौरचा पट्टा हा देशातल्या अश्वगंधाच्या लागवडीचा मुख्य पट्टा आहे. आपल्याकडे हे झुडूप आस्कंद किंवा डोरगुंज या नावाने माळावर आपोआप उगवते, मात्र बाजारात चालते ती लागवडीची मुळी. ओल्या मुळीला घोड्यासारखा वास येतो म्हणून अश्वगंधा. आणि तिच्या लॅटिन नावातील ‘सोम्निफेरा’ या शब्दाचा अर्थ ‘झोप आणणारी’ असा आहे, त्यामुळे माझी आशा अगदीच निराधार नव्हती.

माल बांधण्यापूर्वी त्यांनी चार प्रश्न विचारले, आणि या अभिप्रायात मी दुकानाला जे गुण देते त्यांतले निम्मे त्या प्रश्नांसाठी आहेत. कुणासाठी हवे आहे, थायरॉइडची गोळी चालू आहे का, झोपेची गोळी चालू आहे का, आणि पूर्वी कधी कावीळ किंवा यकृताचा त्रास झाला आहे का? मी माझ्या धाकट्या बहिणीसाठीही शंभर ग्रॅम घेणार होते. तिची थायरॉइडची गोळी चालू आहे असे कळताच त्यांनी तिची पुडी बांधायला सरळ नकार दिला आणि तिच्या डॉक्टरांना विचारून या, असे सांगितले. ते योग्यच होते. अश्वगंधामुळे थायरॉइडच्या संप्रेरकांचे प्रमाण वाढू शकते, झोपेच्या औषधांची गुंगी गडद होऊ शकते, यकृताला इजा झाल्याच्या मोजक्या पण गंभीर नोंदी निरनिराळ्या देशांतून आलेल्या आहेत, आणि गरोदरपणात ती टाळायची असते. डेन्मार्कने तर २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. ती बंदी मला टोकाची वाटते. परंतु आपल्याकडे किराणा सामानाबरोबर ज्या सहजतेने अश्वगंधाचे डबे टोपलीत पडतात, ते दुसरे टोक आहे.

आता परिणामाविषयी. आयुर्वेदिक औषधसंहितेत चूर्णाची मात्रा ३ ते ६ ग्रॅम दिलेली आहे. मी ३ ग्रॅम, म्हणजे साधारण एक चहाचा चमचा, गरम दुधात उकळून घेत असे. चव तुरट-कडवट आहे, आणि कपाच्या तळाशी राहिलेला गाळ ओल्या पोत्यासारखा लागतो. साखरेने तो सुधारत नाही, थोड्या तुपाने सुधारतो. पहिल्या आठवड्यात उपाशीपोटी घेतल्यामुळे पोट बिघडले, म्हणून मी ते रात्रीच्या जेवणानंतर घेऊ लागले. दोन आठवडे काहीही फरक जाणवला नाही. चौथ्या आठवड्याच्या आसपास लक्षात आले की पहाटे जाग येते खरी, पण पाणी पिऊन पडले की पुन्हा झोप लागते. धडधड कमी झाली होती. फायलींची काळजी मात्र होती तेवढीच होती. सप्टेंबरअखेर, आठ आठवड्यांनी, मी चूर्ण थांबवले.

या सुधारणेत अश्वगंधाचा वाटा किती, चालण्याचा किती आणि सुटलेल्या चहाचा किती, हे एका व्यक्तीच्या अनुभवावरून ठरवता येत नाही. २०१२ मध्ये हैदराबाद येथे झालेल्या एका चाचणीत ताणाने त्रस्त असलेल्या ६४ जणांपैकी काहींना मुळीचा अर्क आणि काहींना तशीच दिसणारी निष्क्रिय गोळी ६० दिवस देण्यात आली, आणि अर्क घेणाऱ्यांचा ताण व रक्तातील कॉर्टिसॉल (ताणाशी निगडित संप्रेरक) दोन्ही अधिक उतरले. विक्रेते या चाचणीचा दाखला मोठ्या उत्साहाने देतात. परंतु तेथे दिलेला होता तो ३०० मिलिग्रॅमचा, दिवसातून दोनदा घ्यायचा घट्ट अर्क, पुडीतले चूर्ण नव्हे. आणि ६४ ही संख्या आमच्या इमारतीतील रहिवाशांपेक्षाही कमी आहे. मला गुण आला असे मी म्हणेन, पण कोणाला शपथेवर सांगणार नाही.

दुसऱ्या खेपेस मी जायफळ घेतले. मालकांनी अख्खे, जड आणि कीड न लागलेले जायफळ निवडून दिले, आणि पूड का देत नाही असे विचारल्यावर ‘‘पुडीला वास राहत नाही, आणि हातही राहत नाही,’’ असे उत्तर दिले. हात राहत नाही म्हणजे प्रमाण सुटते. श्रीखंडाच्या जेवणानंतर सगळे घर आडवे होते त्याचे खापर आपण जायफळावर फोडतो, आणि चक्का व पुऱ्या नामानिराळ्या राहतात. पण सहाणेवर दुधात उगाळलेले दोन-तीन वळसे निजताना घेतले की मला तरी डोळ्यांवर जडपणा येतो. सहाणेचा फायदा असा की तिच्यावर फार उगाळताच येत नाही, मनगट आधी दुखते. एक अख्खे जायफळ पोटात गेले तर धडधड, भ्रम आणि उलट्या होऊ शकतात, म्हणजे ज्या त्रासासाठी ते घ्यायचे तोच त्रास दुप्पट होऊन परत येतो.

ब्राह्मी मागितली तेव्हा मालकांनी उलट प्रश्न केला, ‘‘कुठली?’’ आणि दोन पुडे उघडून ठेवले. एकात बारीक, जाडसर पानांच्या काड्या होत्या, ती खरी ब्राह्मी. दुसऱ्यात वाळलेली गोल पाने होती, ती मंडूकपर्णी, जिला आपल्याकडे कारिवणा म्हणतात आणि भाजीवाल्या ब्राह्मी म्हणूनच जुडी बांधून विकतात. दोन्ही बुद्धिवर्धक आणि मनाला शांतवणाऱ्या मानल्या जातात, पण त्या दोन भिन्न कुळांतल्या वनस्पती आहेत. शंखपुष्पीचा घोळ याहून मोठा आहे, त्यात मी शिरले नाही. जटामांसी त्यांच्याकडे त्या दिवशी थोडीच होती. हिमालयात उंचावर वाढणारी ही वनस्पती बेसुमार उपशामुळे नष्ट होण्याच्या उंबरठ्यावर आहे. तिच्या जागी तगराची मुळे खपवण्याचा प्रकार बाजारात चालतो, असे मालकांच्या मुलाने सांगितले (हा तगर म्हणजे अंगणातला पांढऱ्या फुलांचा नव्हे). त्यांनी स्वतः तसे केले नाही, आणि तेल करण्यासाठी ब्राह्मी पुरेल, असे सांगून मला निम्म्या किमतीत वाटेला लावले.

तिसऱ्या खेपेचा प्रसंग मात्र मला विशेष सांगावासा वाटतो. माझ्या पुढे एक पन्नाशीचे गृहस्थ होते. टेन्शनने झोप येत नाही, कोणी तरी सर्पगंधा सांगितली आहे, पन्नास ग्रॅम द्या, असे ते म्हणाले. मालकांनी नकार दिला. गृहस्थांनी ‘‘अहो काका, झाडपाल्याचंच औषध ना?’’ असा नेहमीचा युक्तिवाद केला, आणि त्यावर ‘‘धोत्राही झाडपालाच आहे. वैद्यांची चिठ्ठी आणा, लगेच देतो,’’ एवढे बोलून मालक माझ्याकडे वळले. सर्पगंधा साधी वनस्पती नव्हे. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये उच्च रक्तदाबावरील तिच्या उपयोगाविषयीचा लेख ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये प्रसिद्ध केला, आणि जगाचे लक्ष तिच्याकडे गेले. १९५२ मध्ये तिच्यातून रेसर्पिन वेगळे काढण्यात आले आणि ते रक्तदाबाबरोबरच मानसिक विकारांवरही वापरले गेले. पण तेच द्रव्य रक्तदाब फार खाली आणू शकते, आणि त्यामुळे काही रुग्णांना खिन्नतेने ग्रासल्याचे आढळल्यावर त्याचा वापर मागे पडला.  ते गृहस्थ नाराज होऊन गेले, आणि बहुधा दुसऱ्या दुकानात गेले असतील. परंतु पन्नास ग्रॅमची विक्री सोडणारा दुकानदार मी त्या दिवशी पाहिला.

तक्रारी आहेत, आणि त्या किरकोळ नाहीत. पुडीवर फक्त नाव लिहितात; माल केव्हा आला, केव्हा दळला, याची काहीच नोंद नसते. चूर्ण काही महिन्यांत जुने होते, तेव्हा तारीख लिहिण्यास पेन्सिलीचे दोन फटकारे पुरले असते. पावती मागितल्याशिवाय मिळत नाही. दुपारी एक ते चार दुकान बंद असते, याचे पुण्यात आश्चर्य नाही, पण शनिवारी ते कधी उघडेल याचा नेम नसतो. सर्वांत मोठी तक्रार गिरणीची आहे. दुसऱ्यांदा दळून घेतलेल्या अश्वगंधाच्या चूर्णाला वेखंडाचा स्पष्ट वास येत होता, कारण आधीचा घाणा काढल्यावर गिरणी नीट पुसलेली नव्हती. मुलाने ते वाद न घालता परत घेतले आणि पैसे दिले. पण ज्यांना तो वास ओळखता येणार नाही त्यांनी काय करावे, या माझ्या प्रश्नावर तो नुसता हसला. जे दुकान सर्पगंधेसाठी चिठ्ठी मागते, त्याने पोटात घ्यायच्या चूर्णात वेखंड जाऊ द्यावे, हे मला पटले नाही.

ज्यांची काळजी आठवडेच्या आठवडे उतरत नाही, जेवणखाण आणि काम सुटू लागले आहे, किंवा मनात जिवाचे बरेवाईट करण्याचे विचार येत आहेत, त्यांनी या दुकानाची पायरी चढण्यापूर्वी डॉक्टर गाठावा. टेलिमानस या शासकीय सेवेचा १४४१६ हा क्रमांक विनाशुल्क आहे आणि तेथे मराठीतून बोलता येते.

डिसेंबरात मी चौथ्यांदा गेले ती पुढील हंगामाची तयारी म्हणून, आणि या वेळी अख्खी मुळीच आणली. एकेक मुळी मोडून पाहिली, दोन परत केल्या, मालकांनी त्या बदलून दिल्या. घरी आजीचा लोखंडी खलबत्ता माळ्यावरून खाली काढून मुळी कुटली आणि सोजीच्या चाळणीने चाळली. वर राहिलेला चोथा पुन्हा कुटावा लागतो, पूर्ण बारीक तो होत नाहीच, आणि दळलेल्या चूर्णापेक्षा हे चूर्ण दुधात अधिक खरखरते. पण त्याला वेखंडाचा वास येत नाही.