लोंबत्या कानांची सफाई: घरी, पार्लरमध्ये की डॉक्टरकडे?

कॉकर, बीगल, लॅब्रॅडॉर, शिह त्झू यांपैकी कुठला कुत्रा घरी असेल, तर कानाचा प्रश्न पहिल्याच पावसाळ्यात समोर येतो. सोसायटीच्या आवारात चार कुत्रेवाले भेटले की चार सल्ले मिळतात. एक म्हणतो पार्लरवाला करतो, दुसरा म्हणतो घरीच कर, तिसऱ्याकडे खोबरेल तेल असतं. चौथा डॉक्टरचा नंबर देतो. खर्च, वेळ आणि कुत्र्याचा स्वभाव बघून यातलं नेमकं काय निवडायचं, ते बघू.

आधी कान कसा असतो ते सांगायला हवं, कारण सगळी निवड त्यावरच ठरते. कुत्र्याच्या कानाची नळी आपल्यासारखी सरळ आत जात नाही. ती आधी खाली उतरते, मग काटकोनात आत वळते, आणि त्या वळणाच्या पुढे पडदा असतो. त्यामुळे वरून दिसतो तो मळ खरा त्रास देणारा नसतोच. तो खालच्या वळणात साचतो. वर कानाची जाड, केसाळ पाळी झाकण घालून बसलेली. जूनपासून सप्टेंबरपर्यंत मुंबईच्या हवेत टॉवेलसुद्धा वाळत नाही, तिथे आतली ओल कुठून वाळणार? उबदार, दमट, तेलकट जागा मिळाली की मॅलेसेझिया नावाचं यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, मजेत वाढतं. ते निरोगी कानातही थोडंफार असतंच, फक्त वाढायची संधी बघत असतं.

पण लोंबता कान हा एकटा गुन्हेगार नाही. पुन्हा पुन्हा कान बिघडणाऱ्या कुत्र्यांमध्ये मूळ कारण बहुतेक वेळा ॲलर्जी असतं: धूळ, परागकण, कधी खाण्यातलं एखादं प्रथिन. लोंबता कान त्या बिघाडाला मदत करतो इतकंच. म्हणून उभ्या कानांच्या देशी कुत्र्यालाही कान सुजवून घेता येतो, आणि प्रत्येक बीगलला त्रास होतोच असंही नाही.

घरी करायचं तर

कान निरोगी असेल तर माझं मत घरच्या सफाईच्या बाजूने आहे. एकतर कुत्रा तुमच्या हाताला सरावलेला असतो. दुसरं म्हणजे आठवड्याला एकदा कान उचलून वास घेणारा माणूस बदल सगळ्यात आधी ओळखतो. महिन्यातून एकदा भेटणाऱ्या पार्लरवाल्याला तो कळणं कठीण.

लागतं काय? कुत्र्यांसाठीचं कानाचं लोशन, कापूस किंवा गॉज, जुना टॉवेल आणि थोडा खाऊ. पाळी वर धरायची, नळी भरेल इतकं लोशन घालायचं आणि कानाच्या मुळाशी बोटांनी अर्धा मिनिट चोळायचं. आतून चपचप आवाज आला की लोशन वळणापर्यंत पोहोचलं. मग मागे सरका, कारण तो डोकं झाडणार आणि भिंतीवर तपकिरी नक्षी उमटणार. हॉलमध्ये नको, बाथरूममध्ये करा. झाडून वर आलेला मळ बोटाभोवती कापूस गुंडाळून पुसायचा, बोट जाईल तेवढाच. इअरबड नळीत घालू नका. मळ वर यायच्या ऐवजी आणखी खाली ढकलला जातो.

लोशन विकत घेताना बहुतेकांचा गोंधळ होतो, तेव्हा इथे जरा थांबू. बाटल्या सगळ्या सारख्या दिसतात, पण काम वेगवेगळं असतं. काही मळ विरघळवतात. त्यांत स्क्वालीन किंवा डॉक्युसेटसारखं काही असतं. हे घट्ट, तेलकट मळ करणाऱ्या कॉकरसाठी. काही कान कोरडा करतात. त्यांत सॅलिसिलिक किंवा लॅक्टिक आम्ल असतं. आंघोळीनंतर, पावसात भिजल्यावर किंवा जुहूच्या पाण्यात धिंगाणा घालून आलेल्या लॅबसाठी हे योग्य. तिसरी जंतुनाशक, बहुधा क्लोरहेक्सिडिनची. ती स्वतःहून रोजच्या वापराला घेऊ नयेत; पडदा फाटलेला असेल तर क्लोरहेक्सिडिन आत जाऊन ऐकण्याला इजा करू शकतं. एकच बाटली घ्यायची झाली तर मुंबईसाठी मी कोरडं करणारी घेईन. अल्कोहोलचं प्रमाण जास्त असलेली मात्र टाळीन, कारण लाल कातडीला ती झोंबते आणि एकदा झोंबलं की कुत्रा पुढच्या वेळी बाटली बघूनच सोफ्याखाली जातो.

ओले वाइप्स सोपे पडतात. पाळीची आतली बाजू त्यांनी छान निघते, पण वळणापर्यंत ते पोहोचत नाहीत. लोशनला पर्याय म्हणून नाही, मधल्या दिवसांत वरवर पुसायला ठेवा.

पावसाळ्यात आठवड्याला एकदा, इतर वेळी पंधरा दिवसांनी, हे लोंबत्या कानांच्या बऱ्याच कुत्र्यांना पुरतं. कान फिकट गुलाबी आणि कोरडा असेल, वास येत नसेल, तर काहीच करू नका. रोज धुतलेला कान सतत ओला राहतो, त्याची कातडी मऊ पडते आणि नसलेला त्रास सुरू होतो.

तेल, व्हिनेगर, पेरॉक्साइड

बाळाच्या कानात तेल सोडायची सवय आपल्याकडे इतकी मुरलेली आहे की कुत्र्याच्या कानातही आजी वाटी घेऊन येते. प्रेम कळतं, पण तेलाने ओल आत कोंडते आणि मळ चिकट होतो. लसूण घालून कढवलेलं तेल तर अजिबात नको. लसूण कुत्र्याला विषारी आहे आणि कानातलं तो पंजाने काढून चाटतोच. टी ट्री तेलाचंही तेच. पाण्यात पातळ केलेलं व्हिनेगर कान आम्लधर्मी करतं हे खरं, पण जराशी जखम असेल तर आग होते आणि घरी प्रमाण नेमकं जमत नाही. हायड्रोजन पेरॉक्साइड फेसाळतं म्हणून काम झाल्यासारखं वाटतं. प्रत्यक्षात ते कातडीला चिडवतं आणि मागे पाणीच सोडतं. केमिस्टकडे मिळणारे माणसांच्या कानाचे थेंब किंवा मागच्या वेळचं उरलेलं औषध, दोन्ही बाद. एका लोशनच्या किमतीत या सगळ्यातून सुटका होते, म्हणून घरगुती उपायांशी तुलना मी इथेच संपवतो.

पार्लर किंवा दारात येणारी व्हॅन

शिह त्झू, ल्हासा, पूडल यांच्यासाठी ग्रूमर लागतोच. पाळीच्या आतले आणि कानाखालचे केस बारीक केले की हवा खेळते, आणि हे घरच्या कात्रीने करणं धोक्याचं. पण दोन गोष्टी आधीच ठरवून सांगा. नळीच्या आतले केस उपटायचे नाहीत. निरोगी कानात ते ओढले की बारीक जखमा होऊन सूज येऊ शकते. केस खरोखर वाट अडवत असतील तर तो निर्णय डॉक्टरचा. दुसरं, आंघोळीच्या वेळी कानात कापसाचा बोळा, आणि ब्लोअरची गरम हवा थेट कानात नाही. ग्रूमर चांगला असेल तर तो हे ऐकून वैतागणार नाही. वैतागला तर दुसरा बघा.

सफाईचे वेगळे पैसे लावून वरवर वाइप फिरवणारी ठिकाणंही आहेत, म्हणून एकदा समोर उभं राहून बघा. लॅब किंवा बीगलसाठी फक्त कानाकरता पार्लर गाठायची गरज मला दिसत नाही.

डॉक्टर

वास, लाली, डोकं सतत झाडणं, कानाला हात लावताच कण्हणं, यांपैकी काहीही असेल तर घरचं लोशन बंद. गोडसर-आंबूस वास आणि तपकिरी मळ बहुधा यीस्टचा, पिवळा पू बॅक्टेरियाचा, पिल्लाच्या कानात कोरडा काळा भुगा असेल तर माइट्सचा, म्हणजे कानातल्या बारीक किड्यांचा, संशय. पण हे अंदाजच. डॉक्टर ऑटोस्कोपने, म्हणजे कानात बघायच्या दिव्याच्या उपकरणाने, पडदा बघतात, मळ काचपट्टीवर घेऊन मायक्रोस्कोपखाली तपासतात आणि मग औषध ठरतं. काचपट्टी न बघता थेंब लिहून देत असतील तर तपासणी करायला सांगायला लाजू नका. यीस्टचं औषध बॅक्टेरियावर चालत नाही.

खर्च हाच अडसर असेल तर परळचं बाई साकरबाई पेटिट हॉस्पिटल आहे, जुन्या मुंबईकरांचं बैलघोडा हॉस्पिटल. त्याच आवारात 1886 सालचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. महालक्ष्मीला 2024 पासून टाटा ट्रस्टचं लहान प्राण्यांचं हॉस्पिटलही सुरू झालंय. जुनाट, गुंतागुंतीच्या कानासाठी मोठी जागा बरी. टाळाटाळ महाग पडते. झाडून झाडून पाळीतली रक्तवाहिनी फुटते आणि पाळी रक्ताने फुगते, किंवा वर्षानुवर्षांच्या सुजेने नळीच बंद होते आणि शस्त्रक्रियेने ती काढावी लागते. कॉकरवाल्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं. डोकं एका बाजूला झुकलं, तोल जायला लागला तर त्याच दिवशी निघा.

औषध सुरू झालं की दोनचार दिवसांत वास जातो आणि लोक थांबतात. डॉक्टरांनी सांगितलेले दिवस पूर्ण करून पुन्हा काचपट्टी करून घ्या.

मग कोणी काय निवडायचं

लॅब, बीगल, गोल्डन: घरी, कोरडं करणाऱ्या लोशनने. शिह त्झू, पूडल: घरची सफाई, शिवाय केसांसाठी ग्रूमर. कॉकर: पहिल्याच वर्षी एकदा डॉक्टरकडून पडदा बघून घ्या आणि मळ विरघळवणारं लोशन कोणतं ते त्यांनाच विचारा. वर्षात दोनतीनदा कान बिघडणारा कुठल्याही जातीचा कुत्रा: सफाईवर पैसे घालण्याआधी ॲलर्जीची तपासणी. हात लावू न देणारा, चावरा: डॉक्टरच, आणि पिल्लू असेल तर आजपासून रोज कान उचलून एक बिस्किटाचा तुकडा.

दोन किरकोळ गोष्टी. पाण्याचं भांडं अरुंद तोंडाचं, खोल घ्या, म्हणजे कान बाहेर राहतात. आणि लोशनच्या बाटलीचं टोक कानाला टेकवू नका. टेकलंच तर पुसून मगच झाकण लावा, नाहीतर या कानाचे जंतू पुढच्या आठवड्यात त्या कानात.