"कॅलिपर" म्हणाला तिथंच फोन ठेवायला हवा होता

दोन महिने लिहू का नको करत होतो, लाज वाटत होती. पण मला दुर्मिळ ब्रेक म्हणून भलताच माल विकणाऱ्या माणसाने परवा तेच फोटो टाकून परत जाहिरात दिलेली दिसली आणि डोकंच फिरलं.

मी ओहायोत असतो, 1932 च्या फोर्डची हॉट रॉड, म्हणजे जुन्या गाडीत बदल करून वेगवान गाडी करतोय, चौथं वर्ष चालू आहे. त्या गाडीला मूळचे ब्रेक मेकॅनिकल, सळ्यांनी ओढले जाणारे; फोर्डने हायड्रॉलिक, म्हणजे तेलाच्या दाबाचे, दिले ते 1939 ला. बाकीचे लोक नंतरच्या फोर्डचे ड्रम लावतात नाहीतर आजचे डिस्क, मला मात्र जुने फॅक्टरीचेच डिस्क हवे होते, 1949 च्या क्रायस्लर क्राउन इम्पीरियलचे, ऑस्को-लँबर्ट नावाचे. क्रायस्लरच्या इतर गाड्यांवर ते हवे तर त्या काळी साधारण 400 डॉलर जादा पडायचे, त्यामुळे आज चारही चाकांचा सेट मिळणं म्हणजे नशीबच. तेवढ्यात जाहिरात दिसली, 3,100 डॉलर. उद्या दुसरं गिऱ्हाईक येतंय वगैरे, पुढचं तुम्हाला माहितीच आहे. 500 टोकन, मग 2,600, वर ट्रकचं भाडं 350. एकूण 3,450 डॉलर, सगळे बँकेच्या ॲपवरून. कार्डने द्या रे बाबांनो, कार्ड घेत नाही म्हणाला की विषय संपवा.

फोनवर तो म्हणाला, "चारी कॅलिपर रीबिल्ड केलेत, पॅड नवे आहेत." अहो, कॅलिपर म्हणजे चकतीला दोन्ही बाजूंनी पकडणारा चिमटा, तो या ब्रेकला नसतोच! बाहेरून ड्रमसारखंच बंद घर, आत लायनिंग लावलेल्या दोन गोल चकत्या, पेडल दाबलं की मधल्या गोळ्या चढावर सरकतात आणि चकत्या एकमेकींपासून लांब जाऊन घराला आतून घासतात. हे मला पाठ आहे, मीच चार जणांना समजावलंय. आणि तरी मी गप्प बसलो, म्हटलं काकाच्या शेडमधला माल आहे म्हणतोय, मेकॅनिक नाही, बोलण्यात चूक झाली असेल. फोटो खरेच होते हो, कुणीही फसला असता, फक्त ते दुसऱ्याच कुणाच्या तरी गाडीचे होते. घर उघडं करून शेजारी आजची तारीख लिहिलेला कागद ठेवून फोटो मागायचा, एवढंच करायचं होतं मला.

पेटी आली, वजनदार, वर ताजा काळा रंग. पहिलं खोललं तर आत साध्या ड्रम ब्रेकचे दोन अर्धगोल शू आणि गंजलेल्या स्प्रिंगा. दुसरं तेच, तिसरं तेच, चौथं तेच. कुठल्यातरी जुन्या ट्रकचे साधे ड्रम. रंग बोटांना लागत होता, धड वाळलाही नव्हता.

पोलिसांकडे गेलो तर म्हणाले माल पोचला ना, मग ही दिवाणी बाब, कोर्टात जा. कोर्टातल्या बाई म्हणाल्या तो दुसऱ्या राज्यातला, तिकडे जाऊन दावा लावा. म्हणजे विमान, हॉटेल, सुट्ट्या माझ्या खिशातून! बँकेने तीन वेळा फोनवर ताटकळत ठेवलं आणि शेवटी सांगितलं पैसे तुम्हीच पाठवलेत, आम्ही काही करू शकत नाही. ऑनलाइन सरकारी तक्रार केली, एक नंबर आला, त्यानंतर सात आठवडे एक ओळ नाही. चोर नावानिशी, खात्यानिशी समोर आहे, आणि जो तो मला दुसरी खिडकी दाखवतोय! घरी बायकोला खरा आकडा परवाच सांगितला.

स्वतः जाऊन बघता येत नसेल तर घेऊच नका, सेट कितीही दुर्मिळ असो. आता त्याने किंमत 2,900 केलीय. चौथ्या फोटोत लाल फडक्यावर ब्रेकचं एक घर ठेवलेलं आहे, डाव्या कोपऱ्यात निळा जॅक दिसतो. तो फोटो दिसला की तिथूनच मागे फिरा.