डब्यावर 32/36, आत 38/38 : कार्बोरेटरच्या नावाखाली झालेली फसवणूक

वडिलांची 1991 सालची प्रीमियर पद्मिनी आजही आमच्याकडे आहे. गेल्या वर्षी लालबागच्या आमच्या जुन्या मिस्त्रींकडून तिचं इंजिन बांधून घेतलं. ब्लॉकला बोअर मारून 1 मिलिमीटर मोठे पिस्टन टाकले, हेड थोडं प्लेन केलं. 68 मिलिमीटरचं बोअर (सिलिंडरचा व्यास) 69 झालं, म्हणजे 1089 सीसीचं इंजिन 1122 वर गेलं. मिस्त्री तेव्हाच म्हणाले होते, "कार्बोरेटर बदलू नका. त्याच्या आतल्या झडपेचा स्पिंडल घासलाय, लेथवर बुश बसवून देतो." मला ते पटलं नाही. इंजिन मॉडिफाय केलं म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून देणारा कार्बोरेटरही मोठा हवा, हे डोक्यात पक्कं बसलं होतं. हा समजच पुढे 40,500 रुपयांना पडला.

कुर्ल्याला सीएसटी रोडच्या मागच्या गल्लीत एक ट्यूनर आहे. माणूस गोड बोलतो. त्याने डबा पुढे केला, त्यावर छापलेलं : वेबर 32/36, इटली, 2010. वेबर ही कार्बोरेटरची कंपनी, 32 आणि 36 म्हणजे त्याच्या दोन तोंडांचे मिलिमीटरमधले व्यास. "दादा, ओरिजिनल आहे, कंपनीचा सील्ड माल." वेबरचं इटलीतल्या बोलोन्यातलं उत्पादन 1992 मध्ये बंद होऊन स्पेनला गेलं, हे मला महिनाभराने कळलं. 2010 चा नवा वेबर हातात आला, तर त्यावर स्पेन असायला हवं.

भाव ठरला 38,000, ट्यूनिंगचे 4,000 वेगळे. माझा जुना सोलेक्स कार्बोरेटर 1,500 ला त्याने ठेवून घेतला. बिल दिलं नाही, वहीतल्या पानावर आकडे लिहून दिले. मी पैसे रोख मोजले.

बसवताना त्याने मला चहाला पाठवलं. परत आलो तर इंजिन चालू होतं. त्याने रेस दिली, गाडी गर्जली, तो म्हणाला, "आवाज ऐका." मी आवाजावर भाळलो. त्याने काय केलं होतं ते आता माहीत आहे. आयडल (उभ्या गाडीत इंजिन फिरण्याचा वेग) 1,400 आरपीएमवर चढवून ठेवलं होतं, म्हणजे उभी गाडी गचके खाताना कळू नये. डेल्को (प्लगना ठिणगी वाटणारा भाग) फिरवून ठिणगीचं टायमिंग पुढे घेतलं होतं, म्हणजे रेस देताच पिकअप जाणवावा. गल्लीतल्या गल्लीत फेरी मारली तर हे दोन्ही प्रकार लक्षातच येत नाहीत.

तिसऱ्या दिवशी गिरगावातून वरळीला निघालो. केम्प्स कॉर्नर ओलांडून पेडर रोडचा चढ लागला आणि बोनेटखालून टिकटिक सुरू झाली. इंजिन नॉक करत होतं, म्हणजे आतलं पेट्रोल अवेळी पेटत होतं. सिग्नलवर सुटताना ॲक्सिलरेटर दाबला की गाडी आधी दम सोडायची, मग एकदम उसळायची. ॲव्हरेज 12 वरून 7 वर आला. आठवड्याने डिपस्टिक काढली तर ऑइल न घालताही खुणेच्या वर चढलेलं होतं, आणि त्याला पेट्रोलचा वास येत होता. तेव्हा मात्र पोटात गोळा आला. जास्तीचं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचा ऑइलचा थर धुऊन खाली उतरतं. पिस्टनच्या नव्या रिंग्स अजून बसायच्याच होत्या.

पेट्रोल पंपावरच्या पीयूसीवाल्याकडे तपासणी केली. कार्बन मोनॉक्साइड 6.8 टक्के. आमच्या गाडीच्या काळातल्या गाड्यांना मर्यादा 3 टक्के आहे. तो कागद घेऊन ट्यूनरकडे गेलो. तो म्हणाला, "आता पेट्रोलमध्ये इथेनॉल आहे ना, त्यामुळे असं दाखवतं." हे उलटं आहे. 20 टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला हवेच्या मानाने इंधन जास्त लागतं. साध्या पेट्रोलचं प्रमाण वजनाने हवा 14.7 ला पेट्रोल 1, याचं साधारण 13.5 ला 1. जेट (पेट्रोल मोजून सोडणारे भोकाचे पितळी तुकडे) तेच राहिले तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतं, आणि कार्बन मोनॉक्साइड कमी यायला हवा.

मग गाडी मिस्त्रींकडे नेली. काहीही न बोलता त्यांनी एअर क्लीनर काढला आणि थ्रॉटलची दोरी बोटाने ओढली. आतल्या दोन्ही पाकळ्या (हवेची वाट उघडणाऱ्या झडपा) एकदम उघडल्या. खऱ्या 32/36 मध्ये पहिली पाकळी बरीच उघडल्यावर दुसरी हलायला लागते. मोजायला व्हर्नियर लावला : दोन्ही तोंडं 38 मिलिमीटर. हा 38/38 च्या घडणीचा नकली माल होता. ते डिझाइन 3 लिटरच्या फोर्ड व्ही-6 सारख्या इंजिनांसाठी आहे आणि माझं इंजिन 1.1 लिटरचं.

मोठ्या तोंडाने बिघडतं काय? कार्बोरेटरची व्हेंचुरी म्हणजे मुद्दाम अरुंद केलेला गळा. हवा तिथून जोरात गेली की तिचा दाब कमी होतो आणि त्या ओढीने जेटमधून पेट्रोल वर येतं. माझं इंजिन 5,000 आरपीएमला मिनिटाला जेमतेम 2,200 ते 2,300 लिटर हवा ओढतं. एवढ्या हवेला 27 मिलिमीटरच्या दोन व्हेंचुऱ्या एकदम उघडून दिल्या की हवा मंदावते, ओढ राहत नाही, पेट्रोल वेळेवर येत नाही. हा दोष झाकायचा म्हणून त्याने जेट मोठे केले होते.

कसे, तेही मिस्त्रींनी दाखवलं. मेन जेट काढून दिव्याखाली धरला, पितळेवर कोरलेलं 140. जेटवरचा आकडा म्हणजे मिलिमीटरचा शंभरावा भाग, तेव्हा भोक 1.40 मिलिमीटरचं हवं. त्यांनी 1.60 च्या ड्रिलचा मागचा गुळगुळीत दांडा घातला, तो अलगद पार गेला. दुसऱ्या जेटलाही तेच. भोकाच्या काठावर ताज्या पितळेची कड चमकत होती. ड्रिल मारलेला जेट आकडा बघून ओळखता येत नाही, दांडा घालूनच ओळखावा लागतो. खालच्या अडॅप्टर प्लेटला गॅस्केटच नव्हतं, नुसतं सीलंट फासलेलं. तिथून हवा शिरत होती, म्हणून एकीकडे मिश्रण घट्ट असूनही आयडल वर-खाली होत होतं.

पैसे परत मिळाले नाहीत. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर फोन केला. त्यांनी बिल विचारलं आणि माझ्याकडे वहीचं पान होतं. माझा सोलेक्सही त्याने विकून टाकला होता. पैशांपेक्षा हे जास्त लागलं, कारण तो वडिलांनी स्वतः दर दिवाळीला उघडून साफ केलेला होता.

मिस्त्रींनी दुसरा जुना सोलेक्स शोधला आणि लेथवर स्पिंडलला बुश टाकले. त्यांच्या हिशोबाने वाढलेल्या 33 सीसीसाठी काहीच बदलायची गरज नव्हती. इथेनॉलसाठी मात्र 120 चा मेन जेट काढून 125 चा घातला; भोकाचं क्षेत्रफळ साधारण साडेआठ टक्क्यांनी वाढतं, आणि तेवढंच हवं होतं. आयडल 850, टायमिंग लाइट लावून जागेवर, ऑइल आणि फिल्टर नवे. आता प्लग काढले तर विटकरी रंगाचे निघतात. कार्बन मोनॉक्साइड 2.3 आला. खर्च 4,200 रुपये, बिलासकट. रिंग्सचं किती नुकसान झालं हे कॉम्प्रेशन तपासल्यावरच कळेल. ती भीती अजून गेलेली नाही.

परवा भांडुपच्या एका मुलाने तशाच डब्याचा फोटो मला पाठवला, भाव 36,000. मी त्याला एवढंच सांगितलं : पैसे द्यायच्या आधी झाकण उघडून पाकळ्या बघ, आणि मेन जेट काढून तुझ्या हातात द्यायला सांग. त्याने विचारलं. ट्यूनर म्हणाला, जेट काढला तर वॉरंटी जाते. मुलगा घरी परत आला.